ऑनलाइन की गावातलं दुकान? हे भांडण पारनेरकरांनी आणि सार्वजनिक काकांनी दीडशे वर्षांपूर्वीच बघितलं होतं

दिवाळीच्या तोंडावर ऑनलाइन सेल लागला की पारनेरसारख्या तालुक्याच्या गावातल्या पेठेत एकच विषय चघळला जातो. दुकानात मांडलेला मिक्सरच मोबाइलवर स्वस्त दिसतो. गिऱ्हाईक दुकानात येतं, वस्तू उचलून बघतं, किंमत विचारतं, बघू म्हणतं आणि घरी जाऊन ॲपवर ऑर्डर टाकतं. दोन-चार दिवसांत कुरिअरवाला त्याच पेठेतून खोकं घेऊन जातो.

दुकानदाराचं म्हणणं असतं की गावचा पैसा गावात राहिला पाहिजे. गिऱ्हाइकाचं म्हणणं असतं की स्वस्त मिळत असताना खिशातून जास्तीचे का काढायचे? दोघांचंही खरं असतं, म्हणून हा वाद मिटत नाही.

आता हा वाद फ्लिपकार्ट २००७ साली सुरू झाल्यावर किंवा ॲमेझॉनने २०१३ साली भारतात दुकान मांडल्यावर पेटला असं वाटत असेल, तर तसं नाहीये. दीडशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात नेमका हाच प्रश्न उभा राहिला होता. तेव्हा लांबून येणारा स्वस्त माल होता मँचेस्टरचं कापड. तो गावोगाव पोहोचवणारी यंत्रणा होती आगगाडी. आणि या सगळ्यासमोर देशी मालाची दुकानं उघडून बसलेला माणूस होता गणेश वासुदेव जोशी.

शाळेच्या पुस्तकात ते सार्वजनिक काका म्हणून भेटतात. सार्वजनिक सभा काढली म्हणून सार्वजनिक काका, एवढं लिहिलं की दोन मार्क मिळतात. त्यांनी दुकानं काढली होती, हे मात्र बहुतेकांच्या वाचनात येत नाही.

काकांचा जन्म १८२८ सालचा, साताऱ्याचा. पेशवाई बुडून दहा वर्षं झाली होती. साताऱ्यात छत्रपतींची गादी अजून होती, पण कारभार इंग्रजांच्या नजरेखाली चालायचा. पुढे जोशी पुण्यात आले, सरकारी कचेरीत कारकुनी केली, मग वकिलीची परीक्षा देऊन कोर्टात उभे राहिले. वकिली चांगली चालली. घरदार, पैसाअडका, नावलौकिक सगळं जमलं. इथवरची गोष्ट त्या काळच्या पुण्यातल्या कुठल्याही हुशार वकिलाची असते तशीच आहे.

वळण आलं ते पर्वतीच्या देवस्थानामुळे. देवस्थानाच्या कारभाराबद्दल पुण्यातल्या लोकांच्या तक्रारी होत्या. सरकारकडे दाद मागायला गेलं की पहिला सवाल यायचा की तुम्ही कोणाच्या वतीने बोलताय? हा सवाल काकांनी मनावर घेतला. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा उभी राहिली आणि तिचा नियम असा केला की सभासद व्हायचं तर किमान ५० माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. निवडणुका नावाची गोष्ट देशात रुजायच्या आधी हा वकिली डोक्यातून निघालेला उपाय होता. औंधचे पंतप्रतिनिधी अध्यक्ष झाले, पण पळापळ काकांची. पुढच्याच वर्षी न्यायमूर्ती रानडे बदलून पुण्यात आले आणि ही जोडी जमली. रानडे अभ्यास करायचे, काका माणसं गोळा करायचे.

रानड्यांनी पुण्यात व्यापारावर व्याख्यानं दिली. त्याचा गाभा असा होता की आपण कापूस कच्चा पाठवतो आणि कापड पक्कं विकत घेतो, मधली सगळी मजुरी परदेशात जाते. लोकहितवादी हा मुद्दा वीस-बावीस वर्षं आधीच शतपत्रांतून मांडत आले होते. व्याख्यान ऐकून घरी जाणारे पुष्कळ होते. काकांनी मात्र ते अंगावर घेतलं, अगदी शब्दशः.

१२ जानेवारी १८७२ रोजी त्यांनी शपथ घेतली की यापुढे देशी मालच वापरायचा आणि स्वतः कातलेल्या सुताचे कपडे घालायचे. गांधीजी तेव्हा दोन वर्षांचे होते. चांगली वकिली चालणारा माणूस घरी चरखा घेऊन बसलाय, हे तेव्हाच्या पुण्यात लोकांना किती विचित्र वाटलं असेल त्याचा अंदाज करता येतो.

पण काका नुसत्या शपथेवर थांबले नाहीत, आणि इथे ते इतर पुढाऱ्यांपेक्षा वेगळे ठरतात. देशी माल वापरा म्हणणं सोपं असतं. तो मिळायचा कुठे? साबण, शाई, मेणबत्त्या, छत्र्या या रोजच्या वस्तू बाहेरून यायच्या आणि पेठेतल्या दुकानदाराला त्या विकण्यात फायदा होता. त्याने देशी माल ठेवावा तरी का? मग काकांनी देशी व्यापारोत्तेजक मंडळाच्या नावाने दोन्ही टोकं हातात घ्यायचं ठरवलं. या वस्तू इथे बनवणाऱ्यांना उभं करायचं आणि त्या विकायला स्वतःची दुकानं काढायची.

पुणे, सातारा, नागपूर, मुंबई, सुरत अशा गावांत ही दुकानं निघाली. ती सहकारी तत्त्वावर होती, म्हणजे एकट्या मालकाऐवजी अनेकांनी भाग घालून चालवायची. देशात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ साली आला. काका त्याच्या तीस वर्षं आधी दुकान सगळ्यांच्या मालकीचं असावं म्हणून धडपडत होते. दुकानाचा मालक कोण, नफा कुठे जातो, भाव कोण ठरवतो हे प्रश्न आज ई-कॉमर्सच्या बातम्यांत वाचायला मिळतात. तेव्हा ते एका वकिलाने घरचे पैसे आणि वेळ घालून सोडवायला घेतले होते.

आता थोडं पुणं सोडून पारनेरकडे येऊ. कारण दुकान म्हणजे नेमकं काय असतं, हे पुण्याच्या सभांपेक्षा पारनेरच्या माळरानावर जास्त स्पष्ट दिसतं.

पारनेर तालुका पठाराचा आणि कमी पावसाचा. तिथल्या शेतकऱ्याला गावातलं दुकान म्हणजे फक्त मीठ-मिरची घ्यायची जागा नव्हती. दुकानदारच सावकार असायचा. बियाणं त्याच्याकडून, सरकारी सारा भरायला रोकड त्याच्याकडून, लग्नाला कापड त्याच्याकडून, आणि पीक आलं की विकायचंही त्यालाच. सगळा हिशोब त्याच्या वहीत. वही वाचता येणारा गावात बहुधा तो एकटाच.

म्हणजे एकच माणूस वाणी, बँक, अडत्या आणि कागदपत्रांचा कारकून. आजच्या भाषेत सांगायचं तर विक्री, कर्ज आणि ग्राहकाचा सगळा डेटा एकाच ॲपच्या हातात.

तशात अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला जाणं बंद झालं आणि दख्खनेतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडले, शेतकऱ्यांनी कर्जं घेतली. १८६५ साली युद्ध थांबलं, भाव आपटले. वर सरकारने जमिनीची नवी आकारणी करून सारा कुठे पन्नास टक्के तर कुठे दुप्पट वाढवला. सावकाराने नवी उधारी बंद केली आणि जुनी वसूल करायला काढली.

कायद्यानेही घात केला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे कर्जरोखा तीन वर्षांत जुना व्हायचा. हेतू असा की व्याज अनंतकाळ साठू नये. झालं उलटंच. दर तीन वर्षांनी सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घ्यायचा आणि न वाचता येणारा शेतकरी अंगठा द्यायचा.

सार्वजनिक सभेने याच काळात साऱ्याच्या वाढीविरुद्ध मोहीम उघडली. १८७३-७४ मध्ये गावोगाव शेतकऱ्यांच्या आणि पुण्या-मुंबईत मोठ्या सभा झाल्या. शेतकऱ्याची अवस्था सरकारपुढे आकड्यांनिशी मांडायची ही सभेची पद्धत आणि त्यासाठी माणसं जोडायचं काम काकांचं.

१८७४ च्या शेवटी शिरूर तालुक्यातल्या करडे गावात ठिणगी पडली. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्या दुकानातून कोणी काही घेईना, त्यांची शेतं कोणी कसेना, न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार कोणी त्यांचं काम करीना. शिरूरला लागूनच पारनेर. हे लोण तिकडेही पोहोचलं. पारनेरच्या लोकांनीही सावकारांना वाळीत टाकलं. त्यांच्याकडे कामाला जायचं नाही, पाणी भरायचं नाही, सामान द्यायचं नाही, दाढीसुद्धा करायची नाही.

मग १२ मे १८७५ रोजी सुपे गावात बाजाराच्या दिवशी दंगा उसळला. इथे एक गोंधळ होतो तो मिटवलेला बरा. हे सुपे पुणे जिल्ह्यातलं, आजच्या बारामती तालुक्यातलं. पारनेर तालुक्यात नगर-पुणे रस्त्यावर एमआयडीसीमुळे नावारूपाला आलेलं सुपा आहे ते वेगळं. दंगे मात्र पुणे जिल्ह्यापुरते राहिले नाहीत. नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या तालुक्यांत ते पसरले. खुद्द पारनेर गावात पोलिसांचा कडक पहारा होता म्हणून दंगल टळली.

या दंग्यांत लोकांनी बहुतेक ठिकाणी सावकाराच्या जिवाला हात लावला नाही. त्यांना हवे होते कागद. वह्या आणि रोखे बाहेर काढायचे आणि चव्हाट्यावर जाळायचे. कागद मुकाट्याने दिले तिथे प्रकरण बहुधा तेवढ्यावर मिटलं. दुकानातल्या मालापेक्षा दुकानातली वही जास्त महत्त्वाची आहे, हे त्या शेतकऱ्यांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

राग निघाला तो मुख्यतः मारवाडी आणि गुजराती सावकारांवर. ते बाहेरचे म्हणून डोळ्यांवर येत. पण सारा वाढवला सरकारने, मुदतीचा कायदा केला सरकारने आणि गावातला छोटा सावकार स्वतः शहरातल्या मोठ्या पेढीचा देणेकरी असायचा. एका समाजाच्या माथी सगळं मारलं तर निम्मी गोष्ट झाकली जाते.

आता काकांच्या स्वदेशी दुकानांचं आणि पारनेरच्या या शेतकऱ्याचं नातं काय?

खरं सांगायचं तर काकांचं दुकान त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हतं, आणि अडचण नेमकी तिथेच होती. काकांच्या दुकानात देशी माल होता, पण पुण्या-मुंबईत, आणि परदेशी यंत्रावरच्या मालाशी भावात त्याची टक्कर अवघड. हातमागाचं कापड महाग पडायचं कारण त्यात माणसाचे दिवस जायचे. शपथ घेतलेला वकील ते घेऊ शकत होता. पारनेरच्या शेतकऱ्याला मात्र एक तर स्वस्त हवं होतं किंवा उधार हवं होतं. गावातला सावकार उधार द्यायचा, मँचेस्टरचं कापड स्वस्त मिळायचं. स्वदेशी दुकानाला दोन्ही जमणं कठीण होतं. आज गावातल्या दुकानातूनच घ्या असं आवाहन करणारे फलक लागतात, त्यांचीही गाडी इथेच अडते. ज्याला महिनाअखेर गाठायची आहे त्याला फलकापेक्षा किमतीतला फरक मोठा दिसतो.

काकांना हे कळत नव्हतं असं मानायचं कारण नाही, कारण त्यांनी कर्ज आणि कोर्टाच्या बाजूनेही काम केलंच. कोर्टात गेलं की शेतकरी हरतो आणि खर्चातही बुडतो हे त्यांनी वकील म्हणून रोज बघितलं होतं. म्हणून त्यांनी लवाद न्यायालयांचा पुरस्कार केला. दोन्ही पक्षांनी मान्य केलेल्या माणसांसमोर भांडण थोडक्यात मिटवायचं आणि कोर्टाची पायरी टाळायची. वकिलाने कोर्टाबाहेर तडजोड करा म्हणून प्रचार करणं म्हणजे स्वतःच्याच धंद्यावर पाणी सोडणं. पण काकांचा हिशोब बहुतेक वेळा असाच उलटा असायचा.

१८७६ ला दुष्काळ पडला. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारसमोर ठेवली. एकीकडे गावं ओस पडत असताना १ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटनने दिल्लीत दरबार भरवला. राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची घोषणा करायची होती. राजेरजवाडे जरीच्या पोशाखात, हिरे-मोती घालून आले होते. त्या झगमगाटात सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून काका गेले ते जाड्याभरड्या खादीत. त्यांच्या आयुष्यातला हा प्रसंग सगळ्यात जास्त सांगितला जातो, आणि त्यांच्या स्वदेशीची यापेक्षा मोठी जाहिरात दुसरी झाली नसेल.

त्याच १८७७ साली टपाल खात्यात एक छोटी सोय सुरू झाली. तिची दरबारासारखी गाजावाजा करून घोषणा झाली नाही, पण बाजारावर तिचा परिणाम लांबवर झाला. तिचं नाव व्ही. पी. म्हणजे व्हॅल्यू पेएबल. दुकानदाराने पार्सल टपालात टाकायचं, पोस्टमनने ते गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन पैसे घ्यायचे आणि ते पैसे दुकानदाराला पोहोचवायचे. आज आपण ज्याला कॅश ऑन डिलिव्हरी म्हणतो ते हेच. १८८० मध्ये टपालाची मनीऑर्डरही सुरू झाली. पुढे कित्येक दशकं मराठी घरांत पुस्तकं, औषधं, घड्याळं, शिलाईची यंत्रं मासिकातली जाहिरात बघून व्ही. पी.ने मागवली गेली. न बघितलेल्या दुकानातून न बघितलेली वस्तू मागवायची सवय आपल्याला मोबाइलने लावलेली नाही.

आगगाडीही पुढे सरकत होती. मुंबई-पुणे रेल्वे १८६३ पर्यंत घाट चढून सलग झाली होती. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि नगरला गाडी आली. पारनेर गावात आजही रेल्वे नाही, पण नगरच्या स्टेशनावर उतरलेला माल बैलगाडीने पारनेरच्या बाजारात यायला वेळ लागत नव्हता. वर १८७९ साली लिटनने जाड्याभरड्या आयात कापडावरची जकात काढून टाकली आणि १८८२ मध्ये बहुतेक सगळ्याच आयात मालावरची गेली. म्हणजे मँचेस्टरचं कापड स्वस्त होतं ते फक्त यंत्रामुळे नाही. नियमही त्याच्या बाजूने केले गेले होते.

हा मुद्दा आजही तसाच जिवंत आहे. ऑनलाइन कंपन्या मोठमोठी सूट देतात ती कोणाच्या पैशाने, असा व्यापारी संघटनांचा सवाल असतो. परदेशी भांडवल असलेल्या कंपनीने बाजारपेठ चालवायची, स्वतःचा माल विकायचा नाही, असा भारतातला नियम आहे आणि २०१९ च्या फेब्रुवारीपासून तो आणखी कडक झाला. नियम पाळला जातो का यावर भांडणं सुरूच आहेत. काकांच्या काळात मात्र असा नियम मागायला इथल्या लोकांची विधानसभाच नव्हती.

१८७९ हे वर्ष काकांसाठी कसोटीचं ठरलं. वासुदेव बळवंत फडके पकडले गेले. फडके बंडाला उभे राहिले ते दुष्काळात होरपळलेली गावं बघून. आणि त्याच्याही आधी काका-रानड्यांची भाषणं ऐकूनच त्यांच्या मनात स्वदेशीचं वारं शिरलं होतं, असं इतिहासकार सांगतात. पुण्यात खटला उभा राहिला तेव्हा फडक्यांचं वकीलपत्र घेणं म्हणजे सरकारच्या डोळ्यांवर येणं. काका पुढे झाले. फडक्यांना जन्मठेप होऊन एडनला पाठवण्यात आलं. त्याच वर्षी दंग्यांच्या चौकशीतून निघालेला दख्खन शेतकरी कायदा आला आणि पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांत लागू झाला. कर्जाच्या दाव्यात रोख्याच्या मागचा खरा हिशोब तपासायचा अधिकार कोर्टाला मिळाला. पारनेरच्या शेतकऱ्याच्या हातात ही थोडी उसंत आली ती रोखे जाळले गेल्यावर.

काकांच्या घरातली बाजू सहसा सांगितली जात नाही. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी पुण्यात स्त्री विचारवती सभा काढली आणि सगळ्या जातींच्या बायकांना एकत्र बोलावून हळदीकुंकू केलं. त्या काळच्या पुण्यात हे धाडस दिल्लीत खादी घालून जाण्याइतकंच मोठं होतं, कारण दिल्लीहून परत येता येतं, शेजारणींत रोज राहावं लागतं.

२५ जुलै १८८० रोजी काका गेले. बावन्नाव्या वर्षी. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला पारनेरमध्ये पांडुरंग महादेव बापट जन्मले, पुढे मुळशीच्या सत्याग्रहाने सेनापती बापट झाले ते. मुंबईत दादर-परळमधून जाणारा सेनापती बापट मार्ग त्यांच्याच नावाचा. त्या एका रस्त्यावर दादरचा फुलबाजारही येतो आणि गिरणीच्या जागेवर उभा राहिलेला फिनिक्स मॉलही.

काकांची दुकानं काही त्यांच्यामागे साखळीसारखी वाढली नाहीत. १९०५ साली बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची लाट आली तेव्हा पुन्हा नव्याने दुकानं काढावी लागली. तोपर्यंत मुंबईच्या गिरण्यांचं कापड भरपूर निघत होतं, म्हणजे काकांना जी अडचण आली ती निम्मी सुटली होती. लोकमान्य टिळक आणि इतरांच्या पुढाकाराने मुंबईत फोर्टमध्ये बॉम्बे स्वदेशी स्टोअर्स सुरू झालं, तेही अनेकांच्या भागभांडवलावर. ते दुकान १९०६ पासून चालू आहे. आता त्याचं नाव बॉम्बे स्टोअर आहे, आणि त्याच्या वेबसाइटवरून माल घरपोच मागवता येतो.